स्प्रूस गोव्यात अडतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा. साखळी शहरातले एक गृहस्थ आहेत, केरी गावाकडे डोंगराच्या उतारावर त्यांचं भाट, म्हणजे बागायत आहे. त्यांनी ऑनलाइन तैगातल्या, म्हणजे उत्तरेकडच्या थंड जंगलपट्ट्यातल्या, स्प्रूस, सैबेरियन लार्च आणि पांढऱ्या बर्चचं बियाणं मागवलं, ट्रेमध्ये कोकोपीटवर पेरलं आणि ट्रे एसीच्या खोलीत खिडकीपाशी ठेवले. बी रुजलं. मग काही रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. उरलेली दोन बोटं वाढून थांबली आणि त्यांच्या शेंड्याला तपकिरी ठिपका आला. त्यांचं म्हणणं, 'उणे पन्नास अंशांत टिकणारी झाडं एवढी चिवट, मग आमच्या उन्हात का मरतात? माती चुकली, खत चुकलं की थंडी कमी पडली? तैगातलं एखादं तरी झाड गोव्यात तगेल का?' शिवाय मुलीला अकरावीत तैगावर प्रकल्प करायचा आहे, तिच्यासाठी तिथल्या झाडांची माहितीही हवी आहे.

मी वनशास्त्र शिकले, काही वर्षं फिनलंड आणि उत्तर स्वीडनमधल्या रोपवाटिकांत काम केलं आणि आता सत्तरी तालुक्यात नर्सरी चालवते. त्यामुळे स्प्रूसची रोपंही हाताखालून गेलीत आणि भिरंडाची, म्हणजे कोकमाचीही. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेत.

आधी त्या तपकिरी ठिपक्याचं बघू. भिंग घ्या आणि शेंडा नीट पाहा. बारीक खवले एकावर एक बसलेले दिसतील. दिसले, तर शेंडा जळलेला नाही, ती हिवाळी कळी आहे. तुमच्या रोपाने पुढच्या वर्षीची वाढ आत गुंडाळून वरून दार लावून घेतलंय. म्हणजे ते उन्हाने मेलेलं नाही. हिवाळा तोंडावर आलाय असं समजून ते थांबलंय.

खरा प्रश्न इथे आहे. तुम्ही विचारताय, 'हे झाड किती सोसतं?' विचारायला हवं, 'हे झाड वर्ष कसं मोजतं?'

उत्तरेकडची झाडं वर्ष मोजतात ते मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून. तापमानावर विश्वास ठेवणं त्यांना परवडत नाही, कारण तिकडे ऑगस्टमध्ये एखादा आठवडा छान ऊबदार जातो आणि त्याच्या पाठोपाठ एका रात्रीत पाणी गोठतं. दिवस-रात्रीचं गणित मात्र दरवर्षी तेच. म्हणून रात्र ठरावीक लांबीची झाली की स्प्रूस वाढ थांबवून कळी बांधतो, हवा कितीही चांगली असो. ही 'ठरावीक लांबी' बियाणं कुठलं आहे त्यावर ठरते. ध्रुववृत्ताजवळच्या स्प्रूसला वाढ चालू ठेवायला वीस तासांच्या आसपास दिवस लागतो, मध्य युरोपातल्या त्याच जातीच्या झाडाला पंधरा-सोळा तास पुरतात. आता आपलं बघा. पणजी साडेपंधरा अक्षांशावर. आपला वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वाअकरा तासांचा. म्हणजे २१ जूनलासुद्धा त्या रोपाच्या हिशेबाने गोव्यात शरद ऋतू उलटून गेलेला असतो.

रोपवाटिकेत आम्ही हेच मुद्दाम करायचो. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये रात्री दहालाही बाहेर उजेड असतो आणि रोपं वाढतच राहतात. ती तशीच कोवळी राहिली तर पहिल्याच गोठत्या रात्रीत जातील. म्हणून संध्याकाळी काचघरावर काळे पडदे ओढायचे आणि सकाळी उशिरा काढायचे. सूर्य बाहेर, पण रोपांना दहा तासांचाच दिवस. दोन-तीन आठवडे हे केलं की प्रत्येक शेंड्यावर तपकिरी कळी दिसायला लागते, अगदी तुमच्या ट्रेमध्ये दिसतेय तशी. पुढे ती रोपं खोक्यांत भरून गोठणबिंदूच्या थोड्या खाली शीतगृहात ठेवतात आणि वसंतात बाहेर काढून जंगलात लावतात. तुमच्या खिडकीत तो पडदा वर्षभर ओढलेला आहे, एवढाच फरक.

मग कळी उघडत का नाही? कारण बंद झालेलं दार उघडायची किल्ली थंडी आहे. कित्येक आठवडे शून्य ते पाच-सहा अंशांच्या आसपास काढल्याशिवाय ती सुप्तावस्था नीट सुटत नाही. तुमचा एसी बावीसवर असणार, फार तर अठरावर. माणसाला ती थंडी, स्प्रूसला तो उन्हाळाच. गोव्याच्या किनारपट्टीवर जानेवारीतही पहाटेचं तापमान वीसच्या आसपास असतं. चोर्ला घाटात, आठशे मीटरवर, स्वेटर लागतो खरा, पण रोपाला लागणारे सलग थंड आठवडे तिथेही मिळत नाहीत आणि दिवसाची लांबी तर तीच.

थोडक्यात, तुमची रोपं दोन वेगळ्या कारणांनी गेली. बुडाशी काळी पडून आडवी झाली ती मर रोगाने. बंद खोलीतला दमटपणा आणि जास्त पाणी यांमुळे बुरशी लागते, ते मिरचीच्या रोपांनाही होतं. उरलेली अडकली ती दिवसाच्या लांबीमुळे आणि हिवाळा न मिळाल्यामुळे. यात खताचा संबंध नाही. खत घालू नका, उलट झोपलेल्या मुळांना ते बाधेल.

आता 'चिवट' या समजुतीकडे येते, कारण मुलीच्या प्रकल्पाचा गाभाही तोच आहे.

तैगातलं झाड जुलैत चिवट नसतं. वाढीच्या दिवसांत त्याची कोवळी पालवी उणे तीन-चार अंशांतही करपते. तेच झाड जानेवारीत उणे पन्नास सोसतं. ही ताकद ते दर शरदात नव्याने कमावतं आणि दर वसंतात सोडून देतं. कशी, ते सांगते. पेशीच्या आत बर्फाचा खडा झाला तर पेशी फुटते. म्हणून थंडी वाढत जाते तसं झाड पेशींतलं पाणी हळूहळू बाहेर, पेशींच्या मधल्या जागेत सोडतं आणि बर्फ तिथे होऊ देतं. पेशीत उरतो साखरेने घट्ट झालेला रस, जो गोठत नाही. ही तयारी पूर्ण झालेल्या फांद्या प्रयोगशाळेत आधी सावकाश गोठवून मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या, तरी जिवंत राहिल्याचं संशोधकांनी दाखवलंय. पण त्या तयारीला आठवडे लागतात, आणि तिची सुरुवात होते ती रात्र लांबल्याच्या खुणेने.

उष्णतेचं म्हणाल, तर ती तैगात नसते असं नाही. सैबेरियातल्या वेर्खोयान्स्क या गावी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंशांची नोंद झाली आणि जून २०२० मध्ये तिथेच ३८ अंश नोंदले गेले. एकाच जागी शंभराहून जास्त अंशांची तफावत. सैबेरियातल्याच याकुत्स्क शहराची जुलैची सरासरी वीस अंशांच्या आसपास आहे. तेव्हा 'ऊन लागून मेलं' हे निदान बरोबर नाही. तिथे उन्हाळा कडक असू शकतो, तो फक्त आखूड असतो. वर्षात दहा अंशांच्या वर सरासरी असलेले महिने एक ते तीन, आणि सगळा संसार त्यात उरकायचा.

ही झाडं नेमकी कोणती, याची यादी कुठेही मिळेल. मी त्यातली जी मला महत्त्वाची वाटतात त्यांच्यावरच रेंगाळते. तैगा हा उत्तर गोलार्धाला साधारण पन्नास ते सत्तर अक्षांशांच्या दरम्यान गुंडाळलेला पट्टा: अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि मग रशिया थेट प्रशांत महासागरापर्यंत. जगातल्या एकूण जंगलाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग यात येतो. दक्षिण गोलार्धात असं जंगल नाही, कारण त्या अक्षांशांवर तिकडे जवळजवळ सगळा समुद्रच आहे. एवढ्या अफाट पट्ट्यात झाडांचे मुख्य गट बोटांवर मोजण्याइतके: स्प्रूस, पाइन, फर, लार्च, आणि पानगळीतले बर्च, अ‍ॅस्पेन, विलो, आल्डर. फिनलंडच्या जंगलातलं जवळजवळ सगळं लाकूड पाइन, स्प्रूस आणि बर्च या तिघांत संपतं. आपल्याकडे वाळपईहून वर म्हादईच्या रानात शिरलात तर माट्टी, किंदळ, जांभा, नाणा, घोटिंग, कुंभा ही नावं पहिल्या वळणाआधीच घेऊन होतात.

स्प्रूस आणि फर सावली सोसतात, म्हणून दाट, काळोखी जंगल करतात. फांद्या खाली झुकलेल्या, आकार शंकूसारखा. बर्फ घसरून पडावा म्हणून हा आकार, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तिकडे सूर्य डोक्यावर येत नाही, तो क्षितिजालगत फिरतो. उंच, निमुळतं झाड त्या तिरक्या उजेडाला बुडापासून शेंड्यापर्यंत अंग दाखवतं. आपल्या रानात उजेड वरून पडतो, म्हणून आपली झाडं वर छत्री धरतात.

पाइनला सावली चालत नाही. वाळूची, कोरडी, कुणालाही नको असलेली जमीन त्याच्या वाट्याची. कॅनडातल्या जॅक पाइनचे बरेचसे शंकू राळेने बंद असतात आणि पन्नास अंशांच्या आसपास तापल्यावरच उघडतात, म्हणजे बहुतेक वेळा आग लागल्यावर. त्याचं बी राखेत पडतं, जिथे वर सावली नसते आणि खाली शेवाळाचा जाड थर नसतो.

बर्च आणि अ‍ॅस्पेन हे आगीनंतर किंवा तोडीनंतर पहिले येणारे. बर्च म्हणजे आपल्या पोथ्यांतल्या भूर्जाचा सख्खा भाऊबंद. हिमालयातला भूर्ज वृक्षरेषेजवळ वाढतो, तिकडचा बर्च समुद्रसपाटीलाही.

पण मला विचाराल तर तैगाचा खरा मानकरी लार्च. सुया असूनही हा हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतो. शरदात अख्खा डोंगर हळदीच्या रंगाचा होतो आणि मग नुसत्या काड्या. पाठ्यपुस्तकातलं 'सूचिपर्णी म्हणजे सदाहरित' हे समीकरण हा मोडतो, आणि तोही कोपऱ्यात बसून नव्हे: रशियात क्षेत्रफळाने सर्वांत जास्त जंगल लार्चचंच आहे. सदाहरित असण्याचा फायदा असा की वसंतात पानं नव्याने करावी लागत नाहीत, ऊब मिळताच काम सुरू. गरीब जमिनीत ही मोठी बचत. पण सुई हिवाळाभर अंगावर ठेवायची तर तिला पाणी लागतं. जमीन दगडासारखी गोठलेली, मुळं एक थेंब ओढू शकत नाहीत आणि वर फेब्रुवारीचं ऊन सुई वाळवतंय. सुईवरचा मेणाचा थर आणि आत खोल बसलेली रंध्रं ही त्यावरची तजवीज. पूर्व सैबेरियात थंडी इतकी पराकोटीची की तीही तजवीज पुरत नाही. तिथे लार्चने सरळ पानंच सोडून दिली. तैमिर द्वीपकल्पात ७२ अक्षांशापलीकडे त्याची झाडं उभी आहेत. त्याहून उत्तरेला जगात कुठेच जंगल नाही.

लार्चच्या खाली आणखी एक नवल असतं. याकुत्स्कला वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पाण्यावर इतरत्र सहसा जंगल उभं राहत नाही, फार तर गवत. मग तिथे कसं? जमिनीखाली काही हात खोलीवर कायमची गोठलेली जमीन आहे. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो आणि ते पाणी खाली झिरपू शकत नाही, मुळांपाशीच अडून राहतं. मुळं उथळ, आडवी पसरलेली. ती गोठलेली जमीन कुठे वितळून खचली की झाडं वेडीवाकडी कलतात, अख्खं रान झिंगल्यासारखं दिसतं. उलट आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पडतो, पण बहुतेक चार महिन्यांत, आणि चिऱ्याच्या जमिनीतून निघूनही जातो. एप्रिलात तुमच्या भाटातली विहीर काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहेच. पाण्याचं नुसतं माप झाडाला काही सांगत नाही, ते मुळांपाशी किती दिवस थांबतं यावर सगळं आहे.

मातीचा तुमचा प्रश्न याला जोडूनच घेते. 'आमची तांबडी माती चालत नसेल' असं तुम्ही लिहिलंय. गंमत अशी की आपली जांभ्याची माती आणि तैगातली माती, दोन्ही आम्ल आणि दोन्ही सत्त्व धुऊन जाऊन गरीब झालेल्या. पण धुतल्या गेल्यात उलट्या दिशेने. आपल्याकडे उष्णतेत आणि पावसात सिलिका वाहून गेली आणि लोह-अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून रंग तांबडा आणि म्हणून चिरे. तिकडे सुयांच्या कुजण्यातून निघणारी आम्लं वरच्या थरातलं लोह-अ‍ॅल्युमिनियम खाली वाहून नेतात आणि वर उरते ती राखेच्या रंगाची सिलिकेची पट्टी. फावड्याने खड्डा काढला की वर काळपट कुजकट, मग फटफटीत राखाडी, मग खाली गंजलेला तांबूस थर स्पष्ट दिसतो. मुलीच्या प्रकल्पात एक चित्र काढायचं तर या दोन मातींचा उभा छेद शेजारी शेजारी काढायला सांगा. पुस्तकातल्या कोल्ह्या-हरणांच्या चित्रांपेक्षा ते जास्त सांगेल.

अन्नद्रव्यं साठवायची जागाही उलटी. आपल्या रानात पान पडलं की पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी त्याचा फडशा पाडतात, त्यातलं सत्त्व पुन्हा झाडात जातं. तिकडे थंडीत कुजणं इतकं मंद की सुया, शेवाळ, काटक्या यांचा थर वर्षानुवर्षं साचत जातो आणि कार्बनचा मोठा हिस्सा झाडांत नसून त्यांच्या खाली, मातीत आणि दलदलीत असतो. त्या थरातून नायट्रोजन ओढायला मुळांना बुरशीची मदत लागते. स्प्रूस, पाइन, बर्च या सगळ्यांच्या मुळांवर बुरशीचं आवरण असतं, तिकडच्या जंगलातली खाण्याची बरीचशी अळमी, म्हणजे भूछत्रं, या बुरशीचीच. आपण पावसाळ्यात रस्त्याकडेला पानात बांधून घेतो ती अळमी वाळवीच्या वारुळावरची. तिचा झाडाच्या मुळांशी असा संबंध नाही. तुमच्या निर्जंतुक कोकोपीटमध्ये तिकडची बुरशी अर्थातच नव्हती. रोप दोन बोटांचं असताना त्याने फार फरक पडला नसता, पण पुढे पडला असता.

जाती इतक्या थोड्या का, याचं उत्तर निव्वळ थंडी असं देऊन मोकळं होऊ नये. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियाचा बहुतेक भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली होता. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी तो बर्फ हटत गेला आणि झाडं दक्षिणेकडून, पूर्वेकडून पुन्हा चालत आली. म्हणजे हे जंगल वयाने लहान आहे. त्यात थंडीची चाळणी. पाणी वाहणाऱ्या नळ्यांचंच उदाहरण घ्या. रुंद नळ्यांच्या झाडात पाणी गोठून वितळलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि नळी निकामी होते. सूचिपर्णींच्या नळ्या अगदी अरुंद, त्यामुळे बुडबुडे विरून जातात. पाणी सावकाश चढतं, वाढ सावकाश होते, पण वसंतात यंत्रणा शाबूत असते. फिनलंडमध्ये झाड तोडायला साठ ते शंभर वर्षं थांबतात. आपल्याकडे अकेशिया लावून दहा-बारा वर्षांत कुऱ्हाड चालते, त्यामुळे तिकडच्या वनमालकाशी बोलताना सुरुवातीला मला काळाचं भानच बसेना. आजोबांनी लावलेलं नातवाने तोडायचं, हा तिथला सरळ व्यवहार.

आगीबद्दल थोडं सांगते, कारण तो विषय आता आपल्यालाही जवळचा झालाय. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि इतरत्र लागलेल्या आगी आपण पाहिल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कॅनडात दीड कोटी हेक्टरांच्या आसपास जंगल जळलं. गोवा अख्खा पावणेचार लाख हेक्टरांचा, म्हणजे चाळीस गोवे. पण दोन्ही आगींना एका तराजूत घालू नका. कॅनडाच्या तैगात ठरावीक काळाने येणारी मोठी आग हा जंगलाच्या चक्राचाच भाग आहे. जॅक पाइन आणि काळा स्प्रूस तिच्या भरवशावर बी राखून ठेवतात. अडचण आहे ती आगी लवकर लवकर आणि जास्त खोल लागण्याची, कारण मग झाड शंकू धरण्याच्या वयालाच येत नाही आणि खालचा साचलेला थरही जळतो. सह्याद्रीच्या ओलसर रानातली झाडं तशी आगीची वाट बघून बसलेली नाहीत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गोव्यात काय तगेल. खऱ्या तैगातलं? माझं उत्तर 'नाही' असं आहे. कुणी 'गोव्यासाठी खास स्प्रूस' म्हणून रोप विकत असेल तर पैसे घालवू नका. पण तुम्हाला नक्की काय हवंय त्यावर पुढचं ठरेल.

नाताळसाठी शंकूच्या आकाराचं झाड हवं असेल तर आपल्याकडे बागांतून 'ख्रिसमस ट्री' म्हणून दिसतात ते कुक पाइन किंवा नॉरफोक पाइन लावा. नावात पाइन असलं तरी ती खऱ्या पाइनच्या कुळातली नाहीत. दोन्ही दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांची, न थांबता वाढणारी, खाऱ्या वाऱ्याला न घाबरणारी. कुक पाइन थोडं कलतं, आपल्या गोलार्धात साधारण दक्षिणेकडे. गिऱ्हाईक दरवर्षी तक्रार घेऊन येतं, पण ती त्या जातीची सवयच आहे, टेकू लावून फायदा नाही. घरापासून लांब लावा, ते फार उंच जातं. फक्त सजावटीपुरती फांदी हवी असेल तर सुरूचं झाड आहेच. मिरामारच्या किनाऱ्यावरची ती सुरू दिसते सूचिपर्णी, पण ती फुलझाडांपैकी. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या तिच्या बारीक हिरव्या काड्या आहेत, पानं त्यांच्या पेरांवर दातऱ्यांसारखी असतात.

खरा पाइनच हवा असेल, तर उष्ण कटिबंधातला घ्यावा लागेल. कॅरिबियन पाइन सखल, उष्ण प्रदेशातला आहे, त्याला हिवाळ्याची किल्ली लागत नाही. केरीच्या उतारावर पाण्याचा निचरा चांगला असेल तर तो वाढू शकेल. मी मात्र लावा म्हणणार नाही. वाळलेल्या सुयांचा थर उन्हाळ्यात पेट घेतो आणि तुमच्या खालच्या अंगाला लोकांच्या काजूच्या बागा आहेत. त्या जमिनीत मला विचाराल तर वरच्या कडेला माट्टी आणि किंदळ, पाणी राहतं तिथे भिरंड.

तैगाशी नातं सांगणारं काही गोव्यातच बघायचं असेल तर सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राय, म्हणजे देवराई, दाखवा मुलीला. जायफळाच्या कुळातल्या झाडांची ती दलदल. मुळं पाण्यात बुडून हवेसाठी गुडघे वर काढतात. तैगातही हजारो मैल दलदल आहे, तिथे काळा स्प्रूस उभा असतो आणि मुळांची तीच अडचण त्याने निराळ्या रीतीने सोडवलीय. शेवाळ वर चढत जातं तशी त्याची खालची फांदी शेवाळात दबते, तिला वरच्या अंगाला नवी मुळं फुटतात आणि तिथून नवं झाड उठतं.

प्रकल्पासाठी तुमची उरलेली रोपं मात्र फेकू नका, त्यांतून सुंदर प्रयोग होईल. ज्यांची कळी टणक झालीय ती सहा-आठ रोपं कुंडीसकट छिद्रं पाडलेल्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार अंशांवर आठ-दहा आठवडे ठेवा. माती ओलसर, चिखल नको. आधी आठवडाभर एसीच्या सर्वांत थंड जागी ठेवली तर बरं. बाहेर काढल्यावर दोन गट करा. दोन्ही त्याच एसीच्या खोलीत, पण एका गटावर संध्याकाळपासून असा दिवा लावा की उजेड रोज वीस तास मिळेल. साधा एलईडी चालेल, फार प्रखर लागत नाही, कारण तो फक्त रात्र मोडण्यासाठी आहे. दुसऱ्या गटाला खिडकीतला दिवस तेवढा. कळ्या दोन्ही गटांत फुटायला हव्यात. स्प्रूसची त्या कळीत भरून ठेवलेली वाढ दोन्हीकडे निघेल, फरक तिच्यानंतर दिसेल. लार्च आणि बर्चमध्ये तो लवकर आणि ठळक दिसेल: दिव्याखालची वाढत राहतील, खिडकीतली थांबतील. दर रविवारी उंची मोजून आलेख काढायला सांगा. बियाणं कुठल्या अक्षांशाचं होतं ते पाकिटावर असेल तर लिहून ठेवा, त्यावर निकाल बदलू शकतो.

आणि एक व्यवहाराचं. परदेशातून बियाणं टपालाने मागवायला आपल्याकडे आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. विकणारे हे सांगत नाहीत. पुढच्या वेळी मागवण्याआधी विचारून घ्या आणि या खेपेचं उरलेलं बी भाटात टाकू नका. मर लागलेल्या ट्रेमधली मातीही पोरसात, म्हणजे परसबागेत, ओतू नका. ती पिशवीत बांधून टाकून द्या आणि ट्रे ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.